मान वळते ती जागा

हबीब सरांच्या घरी टीव्ही सलग चाललेला मी कधी पाहिला नाही. दर दोन-चार सेकंदांनी तो थांबायचा, मागं जायचा, पुढं यायचा, परत थांबायचा. पडद्यावर एखादी मुलगी वाळूची पिशवी खांद्यावर घेऊन गुडघा टेकवायला निघालेली असायची आणि तशीच अर्ध्यात अडकून राहायची, गुडघा हवेत, तोंड उघडं. सर खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेले, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला रिमोट छातीशी धरलेला. आलेल्या माणसाला ते चहा जरूर देत, पण तो प्यायला सवड देत नसत. कप तोंडाशी नेला की, "थांबा, थांबा, हे बघा." त्यांच्याकडे मी शेवटचा गरम चहा प्यालो तो भाभी, सरांच्या पत्नी, हयात होत्या तेव्हा.

आम्ही दोघं शहागंजजवळच्या एका शाळेत तीस वर्षं शिकवत होतो. ते पीटी, मी मराठी. गणिताच्या सरांना पोर्शन संपवायला जादा तास लागला की आधी पीटीचा तास जायचा आणि मग मराठीचा. एकाच अन्यायाखाली भरडले गेल्यामुळं आमची दोस्ती झाली आणि ती निवृत्तीनंतरही टिकली. रोज सकाळी हिमायतबागेत एक चक्कर, मग त्यांच्या घरी थंड चहा. घरात गेली कित्येक वर्षं ते एकटेच. नळाला पाणी यायचा दिवस असला की फिरणं रद्द, कारण आमच्या गावात त्या दिवशी माणूस घराबाहेर पडत नाही. एकट्या जिवाला पाणी लागतं किती? पण सर मात्र पिंप, हंडे, कळशा, बादल्या, सगळं तिघांच्या हिशोबानं भरायचे. मी एकदा म्हटलं, "सर, कुणासाठी एवढं?" तर म्हणाले, "हंडे तेवढेच आहेत ना घरात. रिकामे कशाला ठेवायचे?"

शाळेच्या क्रीडादिनाला सगळी गर्दी पहिल्या आलेल्या पोराभोवती व्हायची. सर असायचे शेवटच्या पोरापाशी. खांद्यावर हात टाकून विचारायचे, "कुठं दमलास?" का हरलास असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. एकदा एक पोरगं रडत म्हणालं, "सर, माझ्यात दमच नाय." सर म्हणाले, "दम सगळ्यात असतो. कुठं संपला ते सांग." आणि त्या पोराला घेऊन धावपट्टीवरून उलटे चालत निघाले. बक्षीस समारंभ सुरू झालेला, पाहुणे खुर्चीवर, मुख्याध्यापक हातवारे करून बोलावतायत, आणि हे दोघं मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. एका वळणावर पोरगं थांबलं. सर म्हणाले, "इथं तू मुठी आवळल्या होत्यास. मुठी आवळल्या की खांदे चढतात, खांदे चढले की श्वास अडतो. उद्या मुठी सोडून पळ." ते पोरगं पुढं फार मोठं काही झालं नाही, आज क्रांती चौकात त्याचं मोबाईलचं दुकान आहे. पण सर दुकानावरून गेले की काउंटर सोडून बाहेर यायचं.

खांदे हा सरांचा जीव की प्राण. "चेहऱ्याकडं बघू नका," ते म्हणायचे. "चेहरा लई खोटारडा. पोरगं पहिल्याच चक्करला मेल्यासारखं तोंड करतंय आणि शेवटपर्यंत पळतंय. खांदे बघा, गुडघे बघा, पाऊल कुठं पडतं ते बघा. खांद्याला नाटक येत नाय." हे शास्त्र ते सगळ्यांना लावायचे. लग्नात स्टेजवरच्या नवरदेवाचे खांदे बघून "ह्याला बूट चावतोय" असं सांगायचे. माझ्याबद्दल त्यांचं मत असं, की कुलकर्णी चालत नाय, घरंगळतात. भाभी दवाखान्यात होत्या तेव्हा डॉक्टर अजून आशेचं बोलत होते. सर बाहेर बाकावर येऊन बसले आणि मला म्हणाले, "हिचे खांदे उतरले, कुलकर्णी." त्यानंतर ते जे गप्प झाले ते बरेच महिने. घरी मी जायचो, बसायचो, यायचो. टीव्हीसुद्धा बंद असायचा.

तो टीव्ही पुन्हा चालू केला निलूनं.

निलू, म्हणजे निलोफर, त्यांची एकुलती एक मुलगी. माझी विद्यार्थिनी, शुद्धलेखनात बेताची, पळण्यात वाऱ्यासारखी. शिकली, पुण्यात एका बँकेत लागली, तिथंच राहिली. भाभी गेल्यावर वर्षभरानं तिनं एक नवाच खेळ धरला. हायब्रिड रेस म्हणतात त्याला. मला तो सरांनी दहा वेळा समजावला तेव्हा थोडा कळला. एका भल्यामोठ्या हॉलमध्ये एक किलोमीटर पळायचं, मग एक अवघड काम करायचं, परत एक किलोमीटर, परत काम, असं आठ वेळा. कामं म्हणजे काय, तर वजन लादलेली लोखंडी घसरगाडी ढकलायची, दोरानं ओढायची, जागच्या जागी वल्हवायचं यंत्र ओढायचं, दोन्ही हातांत वजनं घेऊन चालायचं, शेवटी जड चेंडू भिंतीवर फेकत राहायचा. एवढं सगळं करायला लोक स्वतःहून जातात आणि वर आनंदानं फोटो काढतात, हे मला आजही पटलेलं नाही. आमच्या वेळी ह्याला हमाली म्हणायचे. सरांना मात्र त्यात परमानंद झाला. नुसत्या पळण्यात माणूस एकाच तऱ्हेनं दमतो, ते म्हणत. इथं आठ तऱ्हांनी दमतो. बघायला किती!

रेस झाली की निलू त्याच संध्याकाळी व्हिडिओ पाठवायची. मैत्रिणींनी काढलेले, आयोजकांनी थेट दाखवलेले, जे मिळेल ते. सर ते टीव्हीवर लावून आठवडाभर बघायचे. आणि मग फोन. शिट्ट्यांनी एक कान गेलेला, म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्यामुळं बापलेकीचं बोलणं मला बसल्या जागी ऐकू यायचं, आणि त्यात जेवलीस का, झोपलीस का, बरी आहेस का, यातलं काही नसायचं. "पहिला किलोमीटर इतना तेज कायको गई? चौथे में भरना पडा ना." "हौ अब्बा." "वजन उठाके चलते वक्त उंगलियाँ खुल रही. कंधे नहीं थके तेरे, पकड थकी." "हौ अब्बा, मेरे को भी वैसाच लगा." असं अर्धा तास. घरात ते दखनी बोलायचे. भाभी गेल्यानंतर त्या घरात दुसरं काही बोलायचं दोघांनाही सुचत नव्हतं, म्हणून गुडघे आणि खांदे बोलत होते.

फोनच्या शेवटी निलू दर वेळी एकच विचारायची. "अब्बा, अगली बार आते क्या?"

आणि सर दर वेळी एकच उत्तर द्यायचे. "वहाँ आके क्या दिखता बेटा? यहाँ बैठके सब दिखता."

फोन ठेवल्यावर ते टीव्हीही बंद करत आणि काळ्या पडद्याकडे बघत बसत. मी उठलो तरी त्यांच्या लक्षात यायचं नाही.

सर का जात नाहीत याबद्दल लोकांचे तर्क होते. आमच्यातल्याच एका निवृत्त गुरुजींनी मला हळूच विचारलं, "पोरीनं तसले कपडे घालून पळायचं, त्यांच्यात चालत नसेल, नाही का?" मी त्यांना काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. मुलींना धावपट्टी मिळावी म्हणून शाळेत भांडणारा तो एकच माणूस होता, आणि निलूचे पहिले खिळ्यांचे बूट गुलमंडीत चार दुकानं फिरून त्यानंच आणले होते. तेव्हा मी त्यांच्यासोबत होतो.

दूर बसून सगळं दिसतं, असं ते म्हणत खरे, पण एकदा अडले. घसरगाडी ढकलताना निलू मधेच थांबत होती. पाय चांगले, खांदे चांगले, तरी थांबत होती. आठ दिवस टीव्ही मागंपुढं करून सर वैतागले. नवव्या दिवशी सकाळी मी गेलो तर दारात गर्दी. सरांनी जुना लोखंडी दरवाजा गल्लीत आडवा टाकलेला, त्यावर ज्वारीची दोन पोती आणि पाण्याचा भरलेला हंडा, आणि पासष्टी उलटलेला हा माणूस लुंगी खोचून तो दरवाजा ढकलतोय. खरखर आवाजानं सगळी गल्ली जागी झालेली. समोरच्या खालाजान गॅलरीतून ओरडल्या, "हबीबभाई, मकान खाली कर रै क्या?" सर मान वर न करता म्हणाले, "नहीं आपा, समझ रहा हूँ." दहा पावलांवर त्यांचा दम संपला. मग त्यांनी मला ढकलायला लावलं. मी नको म्हणत होतो, पण त्यांना माझे खांदे मागून बघायचे होते. तो दरवाजा माझ्याकडून हलला नाही, हंडा मात्र सांडला. सर ओल्या गल्लीत उभे राहून आनंदानं म्हणाले, "कळलं! हात सरळ ठेवते ती. हात सरळ म्हणजे सगळं वजन कोपरात. कोपर वाकवून छाती लावायला पायजे." लगेच फोन लागला. पुढच्या रेसला निलू घसरगाडीपाशी थांबली नाही. माझी कंबर पुढं पंधरा दिवस धरली होती, त्याची चौकशी बापलेकीपैकी कुणीही केली नाही.

खरं कारण मला दौलताबादला कळलं. हिवाळ्यात कधीकधी आम्ही तिकडं जायचो, किल्ला चढायला नाही, पायथ्याशी बसून पेरू खायला. त्या दिवशी सरांच्या खिशातला फोन वाजला, निलूचाच, पुढच्या रेसची तारीख सांगायला. शेवटी नेहमीचा प्रश्न झाला, नेहमीचं उत्तर झालं. मला राहवलं नाही.

"सर, एकदा जाऊन या की. पोरगी किती वेळा बोलावणार?"

ते पेरूच्या फोडीला मीठ लावत होते. म्हणाले, "तिनंच सांगितलंय येऊ नका म्हणून."

"कधी?"

"शाळेत होती ना, जिल्ह्याच्या स्पर्धेत. नववीत. मी कडेनं पळत होतो तिच्याबरोबर, कंधे, कंधे, असं वरडत. मागं पडली. परत येताना जीपमधी म्हणाली, अब्बा, तुम आए तो मेरे पाँव भारी होते. तुम नक्को आओ." सरांनी फोड खाल्ली. "मी म्हणालो, नहीं आता."

"अहो, चौदा वर्षांची पोर. रागात बोलली असेल. दुसऱ्या दिवशी विसरलीही असेल."

"पळणारं माणूस रागातच खरं बोलतं. आपण सगळ्यांना विचारतो ना कुलकर्णी, कुठं दमलास? तिनं न विचारता सांगितलं. मग ऐकायला नको?"

"आणि आता बोलावते ती?"

"ती अदब झाली. बापाला बोलवावंच लागतं." मग किल्ल्याकडे बघत म्हणाले, "जीव लई होतो जायला. पण तिचे पाय जड व्हायला नको."

त्या दिवशी मला त्यांचा राग आला, खरंच आला. एवढं सगळं बारकाईनं बघणारा माणूस, आणि पोरीच्या एका वाक्यावर वीस वर्षं घरात बसून राहिला. पण त्यांच्या हट्टाला तोंड देण्याइतका मी मजबूत नव्हतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना ती मान सापडली.

पळणं संपून काम सुरू व्हायच्या आधी मधे एक जागा असते. धड पळण्यातही नाही आणि धड कामातही नाही. सर तिला देवडी म्हणायचे, जुन्या हवेल्यांच्या दारात आतबाहेरच्या मधे असते तशी. त्यांचं म्हणणं, अर्धी रेस देवडीत हरतात. लोक तिथं चालतात, पाणी पितात, कंबरेवर हात ठेवतात, आणि त्या वेळेचा हिशोब कुणीच ठेवत नाही. निलू तिथं चालत नव्हती, पाणी पीत नव्हती. पण आठही वेळा तिचा वेग मोडत होता. चार-चार सेकंद जात होते. सरांनी एकेक व्हिडिओ लावून मला दाखवलं. देवडीत शिरलं की तिची मान डावीकडं वळायची, खांदा मागं जायचा, पाऊल आखूड पडायचं. मग मान सरळ, आणि पुन्हा वेग.

"काय बघते ती?" मी विचारलं.

"वर फळा असतो वेळेचा. घड्याळ बघतेय. कितवं चक्कर झालं ते बघतेय. खराब आदत."

त्यांनी फोन लावला. "देवडी में गर्दन नहीं मोडना. एकदम नहीं. नजर सीधी, अगले काम पे. चार सेकंद आठ बार, कित्ता हुआ देख."

पलीकडे निलू एरवी लगेच "हौ अब्बा" म्हणायची. या वेळी जरा वेळ गेला. मग म्हणाली, "ठीक है अब्बा. कोशिश करती."

आणि तिनं केली. पोर बापासारखीच होती, एकदा धरलं की सोडायची नाही. पुण्यातल्या जिममध्ये मैत्रिणीला डाव्या बाजूला उभं करून हाका मारायला लावायची आणि न बघता पुढं जायची. दोन-तीन महिने रोज. त्याचे व्हिडिओ यायचे आणि सर ते थांबवून थांबवून बघायचे. "बघा, मान हलली का? नाय हलली. वा!" त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता. या वेळी मुंबईची रेस होती, मोठी, आणि ती पहिल्या तिघींत येणार असा त्यांचा हिशोब होता.

रेसच्या दोन आठवडे आधी निलूच्या त्याच मैत्रिणीनं, कौतुक म्हणून, जुन्या रेसचे काही व्हिडिओ सरांना पाठवले. तिनं ते कठड्यापाशी, लोकांमध्ये उभं राहून काढले होते. आत्तापर्यंत आम्ही बघितलेलं सगळं पाठीमागून किंवा बाजूनं, लांबून. हे समोरून होतं. देवडीतून निलू थेट आमच्याकडंच येत होती. सरांनी सवयीनं टीव्ही थांबवला, तिच्या पावलांकडं बोट केलं आणि काहीतरी सांगायला लागले.

मी उगाच चेष्टेनं म्हटलं, "एवढी काय बघतेय? कुणी पाहुणे यायचेत का?"

"चेहरा नका बघू, कुलकर्णी, किती वेळा सांगितलं." असं म्हणून त्यांनी स्वतःच वर पाहिलं.

मग त्यांनी टीव्ही हळूहळू पुढं नेला. निलूचे डोळे फळ्याकडे नव्हतेच. कठड्याला टेकून लोक उभे होते, कुणाचे आईबाप, कुणाची बायको, कुणी झेंडा धरलेला, कुणी लहान पोराला खांद्यावर घेतलेलं. तिचे डोळे त्या रांगेवरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं जात होते, एकेका माणसावर थांबत. रांग संपली की मान सरळ. सरांनी पुढचा व्हिडिओ लावला. तेच. त्याच्या पुढचा लावला. तेच. रिमोट त्यांनी मांडीवर ठेवला.

"ही घड्याळ नाय बघत," ते म्हणाले. "माणसं बघतेय."

कुणाला शोधतेय ते बोलायची गरज नव्हती. मी घरी जायला उठलो नाही. त्या दिवशी नळाला पाणी येत होतं, मागच्या अंगणात पिंप भरून वाहत होतं, आणि सरांना ते ऐकू आलं नाही. मीच जाऊन नळ बंद केला.

तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "कुलकर्णी, मुंबईला चला माझ्यासोबत. पण निलूला सांगायचं नाय."

"का नाही सांगायचं? आनंदानं वेडी होईल पोर."

"रेसच्या आधी सांगितलं आणि पाय जड झाले तर? आपण तिथं जाऊन उभं राहू. मान वळली की दिसू. मग दिसलो तर दिसलो."

मी म्हटलं, सर, मान वळायची तुम्हीच बंद केलीत. ते म्हणाले, "जिममध्ये केली. रेसमध्ये दमलं की जुनी आदत परत येते. मी लई पोरं बघितलीत." असं त्यांनी म्हटलं खरं, आणि माझाही विश्वास बसला. बसावा असं वाटतच होतं.

आदल्या दिवशीच्या गाडीनं आम्ही निघालो आणि ठाण्याला माझ्या मेहुण्याकडे उतरलो. सकाळी सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तयार. हॉलमध्ये कानठळ्या बसवणारं संगीत, लाल-निळे दिवे, घामाचा आणि रबराचा वास. मला तर कुठं उभं राहावं कळेना. सर मात्र स्वतःच्या घरात असल्यासारखे सरळ चालत गेले आणि कठड्याच्या एका जागी जाऊन थांबले. याच हॉलमधले मागच्या वर्षीचे व्हिडिओ त्यांनी इतके पाहिले होते की मान नेमकी कुठल्या खांबापाशी वळते हे त्यांना ठाऊक होतं. निलूची वेळ व्हायला बराच अवकाश होता, तरी ते तिथून हलले नाहीत. शेजारी एक कुटुंब आलं, मुलाच्या नावाची पाटी घेऊन. त्यातल्या बाईंनी प्रेमानं विचारलं, "तुमचं कोण आहे?"

"मुलगी," सर म्हणाले.

"नाव काय तिचं? आम्ही पण ओरडतो."

"नको बाई. लक्ष जातं तिचं."

निलू आली. पहिलाच किलोमीटर संपवून, केस घट्ट बांधलेले, खांदे खाली, मुठी सैल. इतक्या जवळून तिला पळताना सर वीस वर्षांनी बघत होते. त्यांनी एक हात कठड्यावरून थोडासा वर केला. ती आमच्यापासून चार हातांवरून गेली. मान सरळ, नजर पुढच्या यंत्रावर. सरांनी हात खाली घेतला. "ताजी आहे अजून," ते म्हणाले. "दमली की बघेल."

दुसऱ्या वेळी बघितलं नाही. तिसऱ्या वेळी नाही. चौथ्या, पाचव्या वेळी ती चांगलीच दमलेली होती, तोंड उघडं, चेहरा लाल. सहाव्यांदा आली तेव्हा तिचं नाव माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सरांनी माझं मनगट घट्ट धरलं. या वयातही पकड अशी, की मला आईगं म्हणावंसं वाटलं. ती गेल्यावर त्यांनी सोडलं. "रेस चालू आहे," एवढंच म्हणाले. आठव्यांदा ती आली आणि गेली. इकडच्या रांगेत सगळे कुणाकुणाच्या नावानं ओरडत होते आणि सर हात न उचलता उभे होते. त्यांचे खांदे मी बघितले. बघायला नको होते.

निलू तिच्या वयोगटात दुसरी आली. आजवरची तिची सर्वांत चांगली रेस. लाउडस्पीकरवर नाव पुकारलं तेव्हा ती पाटीवाली मंडळी उगाचच टाळ्या वाजवत होती, त्यांना ठाऊक नव्हतं ही तीच म्हणून.

"चला आता," मी म्हटलं. "झाली रेस. भेटा पोरीला."

सर कठडा सोडून बाहेरच्या दिशेनं निघाले. मी मागं. बाहेर पटांगणात आल्यावर म्हणाले, "आता भेटलो तर काय सांगू? इथं उभा होतो म्हणून? आठ वेळा उभा होतो आणि तू बघितलं नाय म्हणून? जन्मभर तेच घेऊन बसेल ती. आज दुसरी आलीय. तिला आज दुसरीच येऊ द्या."

"आणि तुमचं काय?"

"मी बघितली ना."

मी भांडलो. भर उन्हात, लोक बघत असताना भांडलो. हट्टी, येडा, बापाच्या नावाला कलंक, काय काय म्हणालो. पुढच्या रेसला आधी सांगून येऊ, असं मात्र त्यांनी मला कबूल केलं. ती पुढची रेस त्यांच्या वाट्याला आली नाही. जेमतेम काही महिने ते होते, मग झोपेतच गेले. निलूला मी अजून काही बोललेलो नाही. हे ती वाचेल की नाही ठाऊक नाही. वाचलं तर वाचू दे, तिला कळायला हवं असं मला आता वाटायला लागलंय.

त्या महिन्यांत आम्ही रोज सकाळी भेटत होतो, पेरू खात होतो, पण डोळे मिटले की मला सर दिसतात ते त्या पटांगणातलेच. माझं भांडण संपतं न संपतं तोच त्यांचा फोन वाजला. सवयीनं त्यांनी स्पीकर लावला.

"अब्बा! देखे क्या? दूसरी आई मैं! और गर्दन एक बार भी नहीं मोडी, एक बार भी नहीं!"

"देखा बेटा. सब देखा. एकदम साफ."

"सच्ची?" ती धापा टाकत हसत होती. पाठीमागं हॉलमधला गोंगाट, आणि तोच गोंगाट आमच्या पाठीमागच्या दारातूनही येत होता. निवेदक मोठमोठ्यानं नावं पुकारत होता. "अब्बा, इतना शोर कायका आ रा आपके पास?"

"तेराच लगाया ना टीव्हीपे," सर म्हणाले. "ठैर, आवाज कम करता."

आणि फोन कानाशी धरून, हॉलकडे पाठ करून ते भराभर गेटच्या दिशेनं चालत गेले, आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत.